फिरतीवरचे दार

मित्रांनो, मी संडासाचे एक जुने दार आहे. नाक मुरडू नका. घाण माझ्या अंगाला कधी लागलीच नाही; लागू दिली नाही, हेच माझे दुःख आहे. मला किळस येते ती माणसांची, आणि ती का येते हे तुम्हाला सांगितल्याशिवाय आता राहवत नाही.

माझा जन्म मध्य अमेरिकेतल्या कॉफीच्या डोंगरात, लिसांद्रो सुताराच्या अंगणात झाला. पाइनच्या फळ्या, वरून पत्रा, आतून भक्कम कडी. आकाशी रंगाचे दोन हात दिल्यावर सुताराने माझ्यावर सरकारी चिन्ह रंगवले आणि पाठीवर थाप मारली. "जा बाबा, कुणाची तरी लाज राख," तो म्हणाला. मी हुरळून गेले.

त्या दिवसांत जगभरच्या देशांनी मिळून शपथ घेतली होती, की ठरलेल्या सालापर्यंत कोणावर उघड्यावर बसायची वेळ येऊ नये आणि हगवणीने मुले दगावू नयेत. आमच्या सरकारनेही मान डोलावली. घरोघर संडास बांधायचे ठरले. खड्डे लोकांनी खणले, भिंती लोकांनी रचल्या. दारे तेवढी सरकार देणार होते. ती कागदावरच उगवली आणि कागदावरच लागली. खरे दार एकच झाले, ते म्हणजे मी.

मग माझी फिरती सुरू झाली. निरीक्षक ओस्मिन मला गाडीत टाकून गावोगाव नेई. मला बसवायचे, घरच्या बाईला शेजारी हसत उभे करायचे, फोटो काढायचा आणि लगेच उतरवून पुढच्या घरी न्यायचे. असल्या आदळआपटीत माझ्या एका कोपऱ्याला पोचा आला. तो प्रत्येक फोटोत दिसे, पण राजधानीतल्या एकाही शहाण्याच्या डोळ्याला तो खुपला नाही. शाबासकी मात्र पोत्याने मिळाली. ओस्मिनला बढती, त्याच्या साहेबाला हार. थू!

आमच्याकडे मारियामातेची मूर्ती घरोघर मुक्कामाला नेतात. मला गाडीत चढवताना पाहून बायका म्हणत, "माता तरी एक रात्र राहते गं. या दाराला मेली टेकायचीसुद्धा सवड नाही!" सगळ्या हसत. मला फळीफळीतून चिरून जावेसे वाटे.

असेच एकदा मी क्रेसेन्सिया नावाच्या म्हातारीकडे पोचले. घरात ती एकटी, गुडघे धरलेले आणि घर अगदी रस्त्याच्या वळणावर. खड्डा तिने थोडा थोडा करत स्वतः खणला होता. पण दार नसताना त्यात बसणे म्हणजे चव्हाट्यावर बसणे. म्हणून ती पहाटे काठी टेकत कॉफीच्या मळ्यात जाई. तोडणीच्या दिवसांत तर उजाडायच्या आत मळा माणसांनी भरे. मग ती पाणी प्यायचे टाळी आणि पोट आवळून दिवस काढी. तिला फक्त आडोसा हवा होता.

फोटो झाला. ओस्मिन गाडीत जागा करायला वळला, तेवढ्यात म्हातारी आत शिरली आणि तिने कडी घातली.

"क्रेसेन्सियाबाई, बाहेर या हो!" ओस्मिन म्हणाला. "पुढच्या गावी पाहुणे यायचेत, परदेशातले!"

"आत माणूस आहे," म्हातारी आतून म्हणाली.

"ते दिसतंय मला. किती वेळ लागेल?"

"काय सांगू लेका? इतकी निवांत जन्मात बसले नव्हते."

शेजाऱ्यांत हशा पिकला. एकजण ओरडला, "साहेब, आजची रात्र मुक्काम होऊ द्या की दाराचा!"

"अहो, हे सरकारी दार आहे!" ओस्मिन चिडला.

"मग सरकारला कळव," आतून आवाज आला, "म्हणावं, दार आज कामावर आहे."

मित्रांनो, माझ्या आयुष्यातली खरी नोकरी तेवढीच. आत एक म्हातारी निर्धास्त बसली होती आणि बाहेरच्या कोणाला ती दिसत नव्हती. मला धन्य धन्य वाटले.

ओस्मिनने घड्याळ पाहिले. मग त्याने ड्रायव्हरला हाक मारली आणि बोटाने काहीतरी दाखवले. कडी आतून होती, पण बिजागऱ्या बाहेरून होत्या. एकेक स्क्रू निघत गेला. मी लाकूड फुगवून पाहिले, अडून पाहिले, काही उपयोग झाला नाही. दोघांनी मला धरून बाजूला घेतले आणि भर रस्त्यावर, साऱ्या गावासमोर, म्हातारी तशीच बसलेली दिसली.

तिने झगा गुडघ्यांवर ओढून घेतला. ती रडली नाही, ओरडली नाही. ओस्मिनकडे सरळ पाहत म्हणाली, "आता काढ की फोटो. आता का काढत नाहीस?"

त्याने मान वळवली. "उचला रे, उशीर होतोय," एवढेच तो बोलला. एक शेजारीण धावत चादर घेऊन आली आणि तिच्यापुढे धरून उभी राहिली. गाडी वळेपर्यंत ती तशीच उभी होती.

पुढच्या गावी पाहुण्यांनी माझ्याकडे पाहून टाळ्या वाजवल्या. त्याच वर्षी आमच्या सरकारने जाहीर केले, की उद्दिष्ट मुदतीआधीच गाठले गेले.

मित्रांनो, जुन्या वस्तूंची निगा राखा, त्यांना रंग द्या, असले काही मी सांगणार नाही. मला एकच विनवणी करायची आहे. उद्या तुमच्या दारी कोणी हसत हसत दार बसवायला आले, तर आधी बिजागऱ्या कोणत्या बाजूला लागताहेत ते पाहा. भांडा, हट्ट धरा, पण त्या आतून लावून घ्या. नुसती कडी आपल्या हाती असून भागत नाही.