तळपायांची वाटी

मित्रांनो, लोअर परळच्या एका चाळीत, दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत, मांडणीच्या सगळ्यात वरच्या फळीवर मी पालथी पडले आहे. मी जुनी काशाची वाटी. माझ्यात कधी कोणी आमटी वाढली नाही. माझा जन्म माणसांच्या तळपायांसाठी झाला. ऐकून नाक मुरडू नका. सबंध दिवस तुमचा भार कोण वाहते ते आठवा आणि मग मुरडा.

सावंतवाडीच्या एका कासाराने तांबे आणि कथील वितळवून मला घडवले. त्याने माझे बूड इतके गुळगुळीत केले होते की पहिले काही दिवस मलाच माझा गर्व वाटत असे. लक्ष्मीच्या आईने मला हातात घेऊन पाहिले, बोटाने वाजवले आणि लेकीच्या रुखवतात ठेवले. अशी मी लक्ष्मीबरोबर मुंबईला आले.

तेव्हा तिचे सासरे कापडगिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, उभे राहात. घरी येत तेव्हा त्यांचे पाय सुजून टम्म झालेले असत. लक्ष्मी त्यांच्या तळव्यांना तूप लावी आणि मला गोल गोल फिरवी. हळूहळू तळवे काळे होत. ते काळे पाहून म्हातारा खूश होई. "निघाली रे उष्णता!" म्हणे आणि तिथेच घोरू लागे. पुढे गिरणी बंद पडली, सासरे गेले. लक्ष्मीचा नवरा गणपत एका ऑफिसात लिफ्टमन झाला. आता त्याचे पाय माझ्यासमोर आले. शेजारच्या बायका डोळ्यांची आग झाली की मला मागून नेत. माझे खूप कौतुक होई. सगळ्या चाळीचे तळवे मला तोंडपाठ होते.

फक्त एकीचे नव्हते. लक्ष्मीने स्वतःच्या पायाला मला कधी लावले नाही. तिला मूलबाळ नव्हते, आणि नवऱ्याने बायकोच्या पायाला हात लावायचा ही गोष्ट तिच्या कल्पनेतही बसत नव्हती. चुकून त्याचा पाय तिला लागला तर काही नाही, पण तिचा त्याला लागला तर ती लगेच वाकून नमस्कार करी.

मग तिच्या छातीत गाठ निघाली. ऑपरेशन झाले, किमो झाली. दुखणे हत्तीच्या पावलाने येते आणि मुंगीच्या पावलाने जाते म्हणतात. हे हत्तीच्या पावलाने आले आणि आमच्या खोलीतच बसून राहिले. ते हाडांत उतरले. किमोमुळे लक्ष्मीच्या पायांची आधी आग होऊ लागली, मग ते बधिर झाले. तरी आतून जळत आहे असे ती म्हणे आणि रात्र रात्र जागी राही. ज्या बायकांनी मला हक्काने मागून नेले होते, त्या दारातूनच विचारपूस करून जात. चोळले की गाठ अंगभर पसरते, असे कोणीतरी त्यांना सांगितले होते.

एका संध्याकाळी गणपतने मला खाली काढले आणि तो तिच्या पायाशी बसला. लक्ष्मीने पाय आखडून घेतले.

"अहो, पायाक हात लावू नका. माका पाप लागात."

"हात खंय लागता? मधी वाटी असा ना!" गणपत म्हणाला.

तिने विचार केला. मग हळूच पाय लांब केले. मित्रांनो, उभ्या आयुष्यात मला एवढा मान कोणी दिला नव्हता. नवरा-बायकोच्या मधली जागा मला मिळाली होती! लक्ष्मी उशीवर डोके टेकून विचारी, "काळा येता मां?" गणपत म्हणे, "येता, भरपूर येता." तिला वाटे, रोगच बाहेर पडतो आहे. मग गणपत आणखी जोर लावी.

खरे तर ते काळे माझ्याच अंगाचे होते. तुपात माझा धातू झिजतो आणि काळा पडतो. पण वाटीला विचारतो कोण?

इस्पितळाजवळ एका संस्थेने कॅन्सरच्या रुग्णांसाठी मालिशची खोली सुरू केली होती. पूर्वी असे काही नव्हते म्हणे. डॉक्टरसुद्धा नको म्हणत. आता मात्र तिथे रांग लागते. दूरदूरच्या गावांहून आलेली, फुटपाथवर राहणारी माणसेही रांगेत असतात, आणि संस्थेची माणसे त्यांच्या नातेवाइकांनाही हळुवार हात फिरवायला शिकवतात. तिथली मेलानी दादरला राहणारी, मूळ मुंबईची ख्रिश्चन मुलगी. गणपतच्या सांगण्यावरून ती लक्ष्मीला पाहायला घरी आली. तिने लक्ष्मीचे पाऊल मांडीवर घेतले आणि मेलानीचा चेहरा उतरला. अंगठ्याखाली कातडी सोलली होती. लक्ष्मीला पत्ताच नव्हता.

मेलानीने गणपतला गॅलरीत नेले. दार उघडे होते म्हणून मला ऐकू आले.

"काका, ही वाटी बंद करा हां. काकींच्या पायाला कळतच नाय किती जोर लागतो ते. आणि ते काळं वाटीचं असतं, आजाराचं नाय. नुसता हात लावा. एकदम हळू, तान्ह्या बाळाला लावतो ना, तसा."

"हातान बरी होतली?"

"नाय काका. खोटं नाय सांगणार मी. जरा झोप लागेल, जीव जरा शांत होईल. बस, तेवढंच."

तेवढेच तर गणपतला हवे होते. पण लक्ष्मी त्याचा हात लावू देणार नव्हती. म्हणून त्याने एक युक्ती काढली. जखम मेलानीने सांगितली तशी झाकून ठेवायची, बाकीच्या तळव्याला हाताने तेल लावायचे आणि मला मध्येच कॉटच्या लोखंडी दांड्यावर आपटायचे. टण् आवाज आला की लक्ष्मीला वाटे वाटी फिरते आहे. बधिर पायांना काय कळणार? "काळा येता मां?" ती विचारी. "येता," तो म्हणे. मी आपली टण् टण् करून त्याच्या खोट्याला साथ देत होते. त्या दिवसांत ती झोपू लागली हेही खरे.

एका दुपारी गणपत औषधे आणायला गेला असताना लक्ष्मीने दोन्ही हातांनी आपले पाऊल उचलून मांडीवर घेतले आणि तळवा पाहिला. पट्टी सोडली तर तो कोरा होता. काळ्याचा ठिपका नाही. गणपत दारात आला तर ही हसते आहे! कित्येक महिन्यांनी हसत होती.

"बघा, पाय कसे कोरे! सगळी उष्णता सरली माझी. माळ्यावरचा पोळपाट काढा. उद्यापासून परत पापड लाटूक बसतंय. आणि त्या गोळये आता नको, बरी झालंय मी."

गणपतने औषधांची पिशवी खिळ्याला अडकवली. ज्याचे जळते त्याला कळते, बाकीच्यांनी काय बोलावे. तिने दुखण्याच्या गोळ्या बाजूला सारल्या. दिवेलागणीला हाडांतून अशी कळ उठली की तिने कॉटचा दांडा घट्ट धरला. तरी गोळी घेईना. "रोग गेलो, आता ह्या नुसता जाताना दुखता," असे म्हणत होती.

तेव्हा गणपत तिच्याजवळ बसला आणि म्हणाला, "लक्ष्मी, वाटी कधीचीच बंद असा. नुसती वाजवी होतंय. पायाक हात होतो माझो."

तिने कॉटचा दांडा सोडला.

"म्हणजे रोग आत असा अजून?"

"असा."

तिने गोळी घेतली. रडली नाही. पाण्याचा पेला खाली ठेवून तिने विचारले, "मग पाप कोणाक?"

गणपतने माझ्याकडे बोट केले. "वाटीक."

"लागू दे तिका," ती म्हणाली आणि तिने पाय लांब केले. गणपतने मला दूर सरकवले आणि तिच्यासमोर, तिच्या देखत, तिचे पाऊल दोन्ही हातांत घेतले.

"कळता काय?" त्याने विचारले.

"नाय. काय कळत नाय," लक्ष्मी म्हणाली. "पण तुमचो खांदो हलताना दिसता."

पुढची अमावास्या तिने पाहिली नाही.

मेलानी भेटायला आली होती. खोलीवर माणसे कमी पडतात, काकांचा हात चांगला आहे, चार जणांना शिकवा म्हणाली. "बघतंय," गणपत म्हणाला. आता चाळ पाडणार आहेत. जड भांडी मोडीत घालायची ठरली आहेत, त्यात मीही आहे. मोडीचा माणूस मला वितळवेल, मग ते पापही कुठल्या तरी तपेल्यात जाईल.

मित्रांनो, मला वाचवा असे मी म्हणत नाही. पण तुमच्या घरात कोणी अंथरुणाला खिळले असेल, तर त्याच्या पायाशी बसा. तुम्ही नवरा, सासू, धाकटा दीर, कोणीही असा. हात लावून ते माणूस राहील असे नाही. लक्ष्मी राहिली नाही. पण पायांना कळते आहे तोवर लावा. आणि मध्ये वाटी घेऊ नका.