बॅगवाला दाखवा

मिस्त्रीणबाईंना फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पिवळ्या बनियनची पोरं आपल्या गावची, एवढंच त्यांना माहीत. गोल झाल्यावर ती पोरं एकमेकांच्या अंगावर का पडतात, हे कोडं काही त्यांना सुटलं नव्हतं. तरी रविवारी दुपारची मॅच त्या चुकवत नसत. चेंडू कुठेही जावो, बाईंचं लक्ष एकाच गोष्टीकडे असायचं: कोण पडतंय. एखादा पाय धरून गवतावर लोळायला लागला, की बाई खुर्चीच्या टोकावर यायच्या. कारण खेळाडू पडला की बॅग घेऊन धावत येणारा माणूस त्यांचा मुलगा होता.

“देवा, कुणीतरी पडू दे,” बाई मनातल्या मनात म्हणायच्या आणि लगेच जीभ चावायच्या. “पण फार लागू देऊ नको रे बाबा. त्याचीही आई कुठेतरी बसलेली असेल.”

मिस्त्री म्हणजे त्यांचे यजमान. सोफे, खुर्च्या, गाद्या दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा. बसलेल्या सोफ्यावर नुसता तळवा दाबून कुठली स्प्रिंग मेली ते सांगायचे. काम करताना ओठांत खिळ्यांची रांग आणि कापडी पट्टी तोडायची ती दातानं. कात्री हाताशी असायची, पण ती शोभेला. या सवयीपायी समोरचा एक दात अर्धा गेला होता आणि हसले की तो आधी दिसायचा. अलीकडे तो फारसा कुणी बघितला नव्हता.

मुलगा एकच. त्यानं दुकानात बसावं आणि पाटीवर आपल्या नावाखाली त्याचं नाव लागावं, एवढीच मिस्त्रींची हौस. मुलगा फिजिओ होऊन आला आणि गावच्या फुटबॉल क्लबात लागला. त्या दिवशी घरात जे वाजलं, ते गल्लीनं दारं उघडी ठेवून ऐकलं.

“लोकांच्या तंगड्या चोळायला शिकलास? या हातात कारागिरी होती. माती केलीस!”

“तुम्ही गादी दाबून सांगता स्प्रिंग कुठं गेली ते. मी गुडघा दाबून सांगतो. फरक काय, बाबा?”

“फरक कळत नाही ना? मग नीघ. आणि मी बोलावल्याशिवाय या घरात पाऊल टाकायचं नाही.”

राग आला की माणूस काहीबाही बोलतो, ऐकणाऱ्यानं निम्मं सोडून द्यायचं असतं. पण सोडून देईल तो मिस्त्रींचा मुलगा कसला? खाण तशी माती. बोलावल्याशिवाय यायचं नाही म्हणजे नाही. तो मैदानाजवळ खोली घेऊन राहिला, नदीपलीकडे, गावाच्या दुसऱ्या टोकाला. बापानं बोलावलं नाही, तो आला नाही. जेवणाच्या टेबलाशी त्याची जी खुर्ची होती, तिच्यावर आता धुतलेल्या कपड्यांचा ढीग बसायचा. आणि या दोघांच्या मध्ये बाई. त्यांनी मिस्त्रींना किती सांगितलं, पण पालथ्या घड्यावर पाणी.

एकदा न राहवून त्या एकट्याच मैदानावर गेल्या होत्या. गुडघ्याला हात लावत लावत पायऱ्या चढल्या आणि लाकडी बाकावर बसल्या. मुलानं खालून पाहिलं आणि दोन-दोन पायऱ्या टाकत वर आला. श्वास घ्यायच्या आधी त्यानं विचारलं, “बाबांनी पाठवलंय?”

खोटं बोलायला काय जात होतं? पण बाईंना ते जमलं नाही. “नाही रे, मीच आले,” त्या म्हणाल्या. मुलगा हसला, पाणी आणून दिलं, गुडघ्याला कोणता व्यायाम करायचा ते सांगितलं. सगळं केलं. पण “नाही” म्हटल्यावर त्याचा चेहरा जो पडला, तो बाई विसरल्या नाहीत. तो पुन्हा बघायची त्यांची छाती झाली नाही. त्याचा फोन यायचा अधूनमधून. “बरी आहेस ना? गुडघा?” झालं. फोनवर चेहरा कुठं दिसतो?

म्हणून मॅच. पण तिथंही नशीब आडवं. केबलवर गावच्या चॅनेलला मॅच लागायची, बाई डोळ्यांत प्राण आणून बसायच्या, कुणीतरी पडायचा, कडेला बॅग हलताना दिसायची आणि नेमकी जाहिरात! भिंतीला रंग लावणारं एक हसतमुख कुटुंब यायचं. ते हसून जाईपर्यंत खेळाडू उठलेला, मुलगा गेलेला. कधी पाठ दिसायची, कधी नुसते बूट. त्या रंगवाल्या कुटुंबाचा बाईंनी इतका राग राग केला, की घराला रंग द्यायचा विषय निघाला तरी त्यांचं तोंड कडू व्हायचं.

तेवढंही सुख मिस्त्रींना बघवलं नाही. एक दिवस त्यांनी केबलवाल्याला बोलावून डबा परत दिला. “बघतंय कोण? फुकटचं बिल,” असं म्हणून ते हातोडी घेऊन बसले. बाईंच्या ओठांवर आलं होतं, मी बघते, तुमच्या पोराची पाठ बघते. पण त्यांनी तोंडात मिठाची गुळणी धरली. रविवारी दुपारी रिकाम्या टीव्हीसमोर बसून त्या धुतलेली भांडी पुन्हा पुसत राहिल्या.

वाट दाखवली ती वरच्या मजल्यावरच्या पार्लरवालीनं. बाईंचा उतरलेला चेहरा पाहून तिनं खोदून खोदून विचारलं आणि मग कपाळाला हात लावला. “अहो काकू, केबल कशाला हवी? क्लबवाले स्वतःच दाखवतात की मोबाइलवर. फुकट!”

बाईंचा स्वतःचा फोन बटणांचा. पण दुकानाचा मोठा मोबाइल होता, गिऱ्हाइकं त्यावर तुटक्या सोफ्यांचे फोटो पाठवायची. रविवारी दुकान बंद, मोबाइल घरी. पार्लरवालीनं त्यावर सगळं लावून दिलं आणि जेवणाच्या टेबलावर साखरेच्या डब्याला तो टेकवून ठेवला.

आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, त्यातली गत झाली. क्लबाकडे एकच कॅमेरा आणि तो धरायला, बोलायला, गोल मोजायला मिळून एकच माणूस. कॉमेंट्रीवाला हौशी आणि बडबड्या. त्याचा माइक मैदानावरच्या कर्ण्यालाही जोडलेला, म्हणजे इथं घरात ऐकू येईल तेच तिथं मैदानभर घुमायचं. चित्र अडखळायचं, कधी चेंडू सोडून ढगच दिसायचे. पण जाहिरात नाही! पहिल्याच मॅचमध्ये एक उंच पोरगा घोटा धरून बसला आणि कॅमेरा तिथंच थांबला. मुलगा धावत आला. गुडघ्यावर बसला, तळवा घोट्यावर ठेवला, मान तिरकी करून बोटं दाबत गेला. मग पट्टीचं बंडल काढून त्यानं गुंडाळी घातली आणि टोक दाताखाली धरून कचकन तोडलं.

बाईंनी तोंडाला पदर लावला. हा तर अगदी... त्यांनी वळून पाहिलं. मिस्त्री खिडकीशी पाठ करून बसले होते, मांडीवर कुणाच्या तरी स्टुलाची गादी.

“अहो, बघता का जरा?”

“मला काम आहे.”

खरंतर रविवारी त्यांना कसलं काम? पण गादी उसवून पुन्हा शिवता येते, माणसाला ठरवलं तर.

पुढे एका रविवारी कुणी पडेचना. सगळे कसे गुण्यागोविंदानं खेळत होते. बाईंचा जीव कासावीस झाला. तेवढ्यात पार्लरवाली खाली डोकावली. चित्राच्या खाली लोक काहीबाही लिहीत होते आणि कॉमेंट्रीवाला ते वाचून दाखवत होता. “काकू, आपणही लिहू या. बोला, काय लिहू?”

बाई लाजल्या. मग हळूच म्हणाल्या, “लिही, बॅगवाला दाखवा.”

थोड्या वेळानं कॉमेंट्रीवाला हसला. “घ्या! आपल्या प्रेक्षकांना गोल नकोत, बॅगवाला पाहिजे! दाखवतो, दाखवतो.” कॅमेरा वळला. बाकावर मुलगा बसलेला, उन्हात डोळे बारीक केलेले. वाळला होता. केस कापायला झाले होते. बाईंनी काचेवर बोट ठेवलं, तर चित्र थांबलं आणि पार्लरवालीनं ते पुन्हा चालू केलं.

मग दर रविवारी बाई लिहवून घ्यायच्या: बॅगवाला दाखवा. कॉमेंट्रीवाल्यालाही गंमत वाटायला लागली. आणि एकदा तो म्हणाला, “आले बघा आपले नेहमीचे पाहुणे! मिस्त्री सोफा रिपेअर म्हणतात, बॅगवाला दाखवा!”

बाईंच्या आता ध्यानात आलं. मोबाइल दुकानाचा, म्हणजे लिहिणाऱ्याचं नावही दुकानाचं! चित्रात मुलगा मान खाली घालून बुटाची नाडी बांधत होता. ती बांधलेलीच होती. कर्ण्यातून दुकानाचं नाव ऐकून त्याला काय वाटलं असेल? बाप विचारतोय. बाप बघतोय.

पोराच्या डोळ्यांत आपण धूळ फेकली, असं बाईंना वाटलं. उद्या तो या भरवशावर दारात उभा राहिला, “बाबा, तुम्ही विचारत होता ना?” म्हणाला, आणि हे म्हणाले, “मी? कधी?” तर? त्या बाकावरचा पडलेला चेहरा परवडला, पण हा नको. आणि खरं सांगावं, तर तोच चेहरा आज बघावा लागेल. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय.

बाईंनी लिहिणं बंद केलं. पुढच्या रविवारी तर मोबाइलला हातसुद्धा लावायचा नाही असं ठरवून त्या वर पार्लरवालीकडे जाऊन बसल्या. तिनं त्यांच्या केसांना तेल लावलं, बाई गप्प गप्प रडल्या. खाली मोबाइल साखरेच्या डब्याला टेकून होता आणि मिस्त्री गादी उसवत होते.

त्याच्या पुढचा रविवार मोसमातल्या शेवटच्या मॅचचा. यानंतर पाऊस संपेपर्यंत मैदान बंद. बाईंचा निग्रह सकाळपर्यंत टिकला, दुपारी विरघळला. लिहायचं नाही, नुसतं बघायचं, असं स्वतःला बजावून त्या बसल्या. मिस्त्री खिडकीशी, पाठ करून.

उत्तरार्धात एक पिवळा गडी कोसळला. मुलगा धावला. बसला, तळवा ठेवला, दाबत गेला, गुंडाळी घातली. आता दात, बाईंनी मनात म्हटलं. पण मुलानं बॅगेत हात घातला, कात्री काढली आणि पट्टी कापली. मग मान वर करून सरळ कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि कात्री उंच धरली. दाखवल्यासारखी.

बाईंना काही उमगेना. तेवढ्यात कॉमेंट्रीवाला गरजला, “ऐकलं बरं का आपल्या बॅगवाल्यानं! मागच्या रविवारी मिस्त्री सोफा रिपेअरनं काय लिहिलं होतं, आठवतं ना? ‘दातानं पट्टी तोडू नकोस. दात जातो.’ बघा मिस्त्री, कात्री आली!”

हे बाईंनी लिहिलं नव्हतं. पार्लरवालीनंही नाही, ती तर तेव्हा त्यांच्या केसांत तेल घालत होती.

त्या सावकाश वळल्या. मिस्त्रींची पाठ तशीच होती, पण सुई थांबली होती. मांडीवरची गादी घसरून खाली पडली तरी त्यांनी ती उचलली नाही.

“ऐकलंन म्हणायचं,” ते खिडकीकडे बघत म्हणाले.

बाईंना हसावंसं वाटत होतं आणि रडावंसंही, आणि मनात भरून आलं होतं ते एवढंच, की हा माणूस त्यांच्यासारखाच इतके दिवस तडफडत होता आणि पाठ करून बसला होता. त्यांनी साखरेच्या डब्याजवळची दुसरी खुर्ची ओढली, तिच्यावरचा कपड्यांचा ढीग उचलून पलंगावर टाकला.

मिस्त्री उठून आले. मुलाच्या खुर्चीवर बसले. “दे इकडे.”

त्यांचं बोट जाड, चिकटवण्याच्या डिंकानं कडक झालेलं. अक्षर हवं ते सोडून शेजारचं उमटायचं. पुसलं, लिहिलं, पुन्हा पुसलं. शेवटी त्यांनी पाठवलं आणि दोघं चित्राकडे बघत बसले. लिहिलेलं तिकडे पोचायला आणि तिकडचं इकडे दिसायला वेळ लागतो, हे बाईंना ठाऊक होतं. इतका लागतो हे आज कळलं. खेळ चालू होता, कॉमेंट्रीवाला कुठल्यातरी चेंडूबद्दल बोलत होता आणि मिस्त्री जिभेनं आपला अर्धा दात चाचपत होते.

“हां, मिस्त्रींचा निरोप आलाय,” कॉमेंट्रीवाला म्हणाला. मग थांबला. “नुसतं ‘ये’. एवढंच. कोण ये? कुठं ये? मिस्त्री, तुमचं वाक्य अर्धंच राहिलं वाटतं!”

आणि सवयीनं त्यानं कॅमेरा बाकाकडे वळवला.

मुलगा उभा राहिला होता. बॅग त्याच्या खांद्यावर होती. आणि मैदानात तर कुणीच पडलं नव्हतं.