पुठ्ठ्याची जाडी

त्या सकाळीही आई कामावर जायच्या आधी खिडकीपाशी उभी राहून व्हायोलिन वाजवत होती, बाबा पेपरात तोंड खुपसून बसले होते आणि वास्तुरचना शिकणारी त्यांची लेक कपाळाला आठ्या घालून आपल्या खोलीचं दार ओढून घेत होती. सगळं नेहमीसारखं होतं.

आईला हा छंद पन्नाशी उलटल्यावर जडला. क्लासात तिच्या बरोबरीला सगळी दुधाच्या दातांची मंडळी. त्यातल्या एका चिमुरडीने आपल्याला गज नीट धरायला शिकवला, हे ती घरी येऊन बढाई मारल्यासारखं सांगायची. तिच्या आवडत्या धुनेत एक जागा मात्र तिला कधीच साधली नाही. सूर चढता चढता तिथे हमखास घसरायचा. घरात त्या जागेचं नावच खड्डा पडलं होतं.

“सांभाळ, खड्डा आला,” बाबा पेपर न हलवता म्हणाले.

आई त्यात पडली, खुदकन हसली आणि तशीच पुढे निघाली. पहिल्यापासून सुरुवात करायला ती कधी मागे जायचीच नाही.

“अगं, शेजारचे घर सोडून जातील,” लेक दाराआडून म्हणाली.

“जाऊ देत. मग खिडक्या उघड्या टाकून वाजवीन.”

“इतकं चुकत राहायचा कंटाळा नाही येत तुला?”

आईने व्हायोलिन पेटीत ठेवलं. “इस्पितळात दिवसभर लोकांचं रक्त काढते मी. तिथे या हाताला चुकायची सोय नाही. घरी तरी मनसोक्त चुकू दे की, बाई.”

पिशवी खांद्याला अडकवून ती गेली. दुसऱ्या दिवशी कामावरच तिचं हृदय बंद पडलं. आजूबाजूला डॉक्टरच डॉक्टर होते, पण कुणाचं काही चाललं नाही.

लेकीची तऱ्हा अगदी उलटी. एक रेघ वाकडी गेली की अख्खा कागद टराटरा फाडायचा. प्राध्यापकांना तिची टापटीप दिसायची; फाडलेल्या कागदांचा हिशेब केराच्या टोपलीकडे. पोहणं, गिटार, मातीकाम, सगळ्यांत तिने हात घालून पाहिला होता आणि जमत नाही असं दिसताच अंग काढून घेतलं होतं. आई इतक्या आनंदाने वाईट कशी वाजवू शकते, याचं तिला नवल वाटायचं, हेवाही वाटायचा. पण असलं काही कोण कुणाला बोलून दाखवतं?

सुट्टीत तिला पहिली नोकरी लागली होती, इमारतींच्या छोट्या प्रतिकृती बनवणाऱ्या कार्यशाळेत. आई गेल्यानंतर ती पुन्हा कामावर जाऊ लागली, तेव्हा मालकांनी एका वाचनालयाची प्रतिकृती पूर्णपणे तिच्यावर सोपवली. मालकांना सगळे मास्तर म्हणत. तेही तिच्याच विद्यापीठात शिकलेले. तिने जीव ओतून काम केलं. आराखड्याबरहुकूम पुठ्ठा कापला, भिंती चिकटवल्या, आणि वर छप्पर ठेवलं तर एका बाजूला लांबलचक फट.

मास्तरांनी चष्मा कपाळावर सरकवला. “रेघेला जाडी नसते, भिंतीला असते. पुठ्ठ्याची जाडी धरायची राहिली तुझी. अगं, कॉलेजातून थेट इथे आलेला प्रत्येक जण हे करतो. मी तर जिना केला होता, तोही वरच्या मजल्याला न पोचणारा.” मग त्यांचा आवाज कामाचा झाला. सोमवारी गिऱ्हाईक बघायला येणार होतं, नव्याने करायला वेळ नव्हता. निभत नसेल तर तसं सांग, दुसऱ्या कुणाला देतो, असं ते म्हणाले.

रविवारी दुपारी ती प्रतिकृती घरच्या टेबलावर होती. मोडून टाकायची आणि नोकरी सोडते असं कळवून मोकळं व्हायचं, हे तिने मनाशी पक्कं केलं होतं. तिने भिंतीवर हात ठेवलाही. पण भिंत चांगली उभी होती. खिडक्या नेमक्या कापल्या गेल्या होत्या. बिघडली होती ती एक कड.

मग तिने पातं उचललं, पुठ्ठ्याची एक बारीक पट्टी कापली आणि फटीत बसवून पाहिली. जाड झाली. थोडी तासली. आता सैल झाली. तिने दुसरी कापली. कागद फाडायला शिवशिवणारे हात केव्हा निवले, हे तिचं तिलाच कळलं नाही. पट्टी घासता घासता ती गुणगुणत होती, तेही तिला कळलं नव्हतं.

“सांभाळ,” पलीकडच्या खोलीतून बाबा म्हणाले, “खड्डा आला.”

तिचा सूर घसरला. पेपराची सळसळ थांबली. मग तिने चुकलेल्या जागेपासूनच धून पुढे नेली, शेवटपर्यंत. पट्टी फटीत घट्ट बसली. जवळून पाहिलं तर सांधा दिसत होता. दिसू दे, असं तिला वाटलं.

कपाटावर व्हायोलिनची पेटी होती. तिच्याकडे बघत, बाबांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात ती म्हणाली, “आई, मी दार पूर्ण कधीच लावत नव्हते. फट ठेवायचे. तू वाजवत असलीस ना, की माझं काम चांगलं व्हायचं.”