वाचून दाखवायची राहिलेली बातमी

मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे. पण आधी त्या वहीवाल्याबद्दल बोलते, मग माझ्याबद्दल. तो इथल्या साप्ताहिकाचा वार्ताहर. दर मंगळवारी येतो, माझ्यावर तासभर बसतो, आणि कुणी फिरकलं नाही की सुस्कारा टाकून म्हणतो, "या गल्लीतल्या लोकांना बोलायचंच नाही." नाचता येईना, अंगण वाकडं!

मित्रांनो, 'मित्रांनो' म्हणायची रीत आहे म्हणून म्हणते. वयाने तुम्ही माझी पतवंडं. तेव्हा नीट बसा आणि ऐका.

मला एका सुताराने आपल्या लेकीसाठी घडवलं. लेक म्हणजे आमच्या गल्लीतली इस्त्रीवाली. दिवसभर उभं राहून तिचे पाय सुजत, म्हणून बापाने जुन्या दाराच्या फळ्या रंधून मला केलं. हात मुद्दाम रुंद ठेवले. दिसायला मी काही देखणी नाही, पण इतक्या वर्षांत कुणाला पाडलं नाही. आजकालच्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या बघा, जरा जाड माणूस बसला की पाय फाकतात! बापाने एवढं केलं, पण लेक बसली कधी? माझ्यावर लोकांच्या कपड्यांच्या घड्याच बसल्या.

वहीवाला नवीन होता तेव्हा गल्लीच्या तोंडाशी उभा राहायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायचा, "काही समस्या?" अशा समस्या कुणी रस्त्यात सांगतं का? लोक त्याला वळसा घालून जात. इस्त्रीवालीने तीन आठवडे हे बघितलं. चौथ्या आठवड्यात तिने माझ्यावरचे कपडे उचलले आणि हाक मारली, "अरे ए वहीवाल्या! उभ्या माणसाला कुणी घरचं सांगत नाही. इथं बैस. पण माझी एक अट आहे. जे लिहिशील ते सांगणाऱ्याला आधी वाचून दाखवायचं. मला वाचता येत नाही, पण कान शाबूत आहेत."

"आणि नाही पटलं तर?"

"तर खोडायचं. वही तुझी, गोष्ट आमची."

मग मंगळवार भरू लागला. समोरच्या निवृत्त नर्सबाईंनी सांगितलं, दवाखान्यात डॉक्टर येत नाही. त्याने लिहून वाचून दाखवलं, तर म्हणाल्या, "ते 'संतापाने' काढ. मी शांतपणे सांगितलंय." एका आजोबांनी खांबावरच्या बंद दिव्याची तक्रार तीनदा वाचून घेतली.

"आजोबा, कळलं नाही का?"

"कळलं रे. कानाला गोड लागतं."

दिवा लागला. डॉक्टर येऊ लागला. लोक मला 'गल्लीची खुर्ची' म्हणू लागले. मी फुगले, खोटं कशाला बोलू?

मग आली नळीची बातमी. आमच्या गल्लीमागे रंगाचा कारखाना आहे. भर दुपारी, सगळे कामावर गेले की तिथली एक नळी उघडायची आणि लाल-निळं पाणी आमच्या विहिरीशेजारच्या नाल्यात पडायचं. पोरांच्या अंगावर चट्टे उठायला लागले होते. इस्त्रीवालीने ती नळी आपल्या खिडकीतून पाहिली आणि वहीवाल्याला सगळं सांगितलं. त्याचं लिहून होतंय तोच फोन वाजला. साप्ताहिकाच्या कचेरीतून सांगत होते, छपाईचं पान अडलंय, लवकर ये. तो उठलाच.

"वाचून दाखव," ती म्हणाली.

"ताई, आज वेळ नाही. तुमचं नाव घालत नाही, काळजी करू नका."

शुक्रवारी नर्सबाईंनी अंक वाचून दाखवला. नाव खरंच नव्हतं. लिहिलं होतं, 'एका महिलेने आपल्या मागच्या खिडकीतून हे पाहिले.' इस्त्रीवालीने हातातली इस्त्री बाजूला उभी केली.

"बाई गं, मागे खिडकी असलेली खोली एकच आहे. माझी!"

वहीवाल्याने ते वाक्य तिला आधी ऐकवलं असतं, तर तिने तिथल्या तिथे खोडायला लावलं असतं. घरमालक कारखानदाराचा मेहुणा. तीन दिवसांत खोली गेली. नळी मात्र बंद झाली नाही. ती जमिनीखालून नेली; आता ती कुणालाच दिसत नाही.

हातगाडीवर टेबल चढलं, दोन ट्रंका चढल्या. माझ्यासाठी जागा उरली नाही. आता ती जावेच्या स्वयंपाकघरात कोपऱ्यात झोपते. जावेला कोळशाचा धूर चालत नाही, म्हणून इस्त्री माळ्यावर पडली आहे. नर्सबाई भेटून आल्या, त्यांनी सांगितलं म्हणून मला कळलं.

वहीवाला पुढच्या मंगळवारी आला. दाराला कुलूप पाहून तो पांढरा पडला. नर्सबाईंना म्हणाला, "पण मी नाव छापलं नव्हतं हो." त्यांनी दार लावून घेतलं. मग एकेक करून सगळीच दारं लागली. डॉक्टर पुन्हा येईनासा झालाय. सगळ्यांना माहीत आहे, पण तोंडात मूग. मध्यंतरी साप्ताहिकाने फलक लावला, 'तुमचा वार्ताहर, तुमच्या दारी'. वरातीमागून घोडं!

मी उन्हापावसात पडून आहे. एक पाय कुजलाय, आणि ठोकायला तो सुतारही राहिला नाही. तरी पोरांनो, मला पुसा, मला खिळा मारा, असं मी सांगणार नाही. खुर्ची मोडली तर दुसरी मिळते. पण कुणी विश्वासाने आपली गोष्ट तुमच्या हाती दिली, तर जगाला सांगण्याआधी ती त्यालाच ऐकवा. घाई तुमची असते, घर त्याचं जातं.

आजही तो आला, बसला, आणि तेच म्हणाला, "लोकांना बोलायचंच नाही." माझ्याच्याने राहवेना. जन्मात पहिल्यांदा मी मोठ्याने बोलले:

"वहीवाल्या, तू माणूस वाईट नाहीस, म्हणून तर जास्त लागतं. वर्ष झालं, दर मंगळवारी इथं बसतोस. बातम्या विचारल्यास, तक्रारी विचारल्यास. ती आता कुठं राहते, हे एकदाही कुणाला विचारलं नाहीस. लोकांना बोलायचंय, बाबा. तुझ्याशी नाही. जन्मभर बसलास तरी नाही. ऊठ."