राजांच्या खोऱ्यात नर्मदा

“हे बघा, नुसता बसलेला पुतळा चार-पाच मजली उंच!” विश्वासने रिमोट दाबला आणि टीव्हीसमोर दाटीवाटीने बसलेली मंडळी ‘बाप रे’ म्हणाली. कुवेतमधल्या महबूल्याच्या त्याच्या फ्लॅटवर आज इजिप्तचे फोटो बघायला ऑफिसातले मित्र जमले होते.

नर्मदा गरम वड्यांचं ताट घेऊन बाहेर आली.

ती विश्वासची थोरली बहीण. नवरा गेल्यावर नाशिकला एकटीच होती. त्याच्या बायकोला, लीनाला, तिथल्याच जाब्रिया भागातल्या दवाखान्यात नोकरी लागली, त्यांच्या छोट्या स्वराला सांभाळायला कुणी नव्हतं, तेव्हा विश्वासने तिला कुवेतला बोलावून घेतलं. “ताई, तुलाही जरा बदल होईल,” असं तो फोनवर म्हणाला होता. ईदच्या सुट्टीत इजिप्त ठरलं, तेव्हाही “तू पण चल” म्हणाला. नर्मदाने हवल्लीच्या बाजारातून चालायचे बूट आणले. आयुष्यातले पहिलेच.

राजांच्या खोऱ्यात, थडग्याच्या दाराशीच स्वरा पेंगायला लागली. “तुम्ही बसा हिला घेऊन. आम्ही आलो की तुम्ही जा,” लीना म्हणाली. दोघं बाहेर आली तेव्हा बस हॉर्न देत होती. दुसऱ्या दिवशी कर्नाकचं देऊळ होतं. स्वराला ताप भरला आणि नर्मदा हॉटेलातच राहिली. संध्याकाळी परतलेला विश्वास म्हणाला, “दगडच गं सगळे. काही विशेष नाही.”

टीव्हीवर पुढचा फोटो आला. विश्वास आणि लीना हसत उभे. मागे, कडेला, पोर खांद्यावर टाकलेली नर्मदा.

“अय्या, मेडलापण नेलं होतंत?” ऑफिसातल्या जयदीपची बायको श्वेता म्हणाली. “लकी आहे हं ही!”

नर्मदाने भावाकडे पाहिलं. ही माझी ताई, एवढंच त्याने म्हणायचं होतं. लीना उठून रिकामे ग्लास गोळा करायला लागली. विश्वासने मान खाली घालून रिमोट दाबला.

“हा नाईलवरचा सूर्यास्त,” तो म्हणाला.

नर्मदाने ताट टीपॉयवर ठेवलं, पदराला हात पुसले आणि श्वेताच्या शेजारी सोफ्यावर बसली.

“विशू, मागे घे. थडग्याच्या आतले फोटो लाव परत. मी बाहेर पोर घेऊन बसले होते. वर गेल्यावर आई विचारेल, भावाने काय काय दाखवलं म्हणून. काय सांगू तिला?”

श्वेताचा वडा हातातच राहिला. विश्वासने फोटो मागे घेतले. रंगवलेली भिंत आली. लाल, निळ्या, पिवळ्या रंगातल्या बायका ओळीने चाललेल्या, डोक्यावर टोपल्या. नर्मदा पुढे वाकून बघत राहिली. स्वयंपाकघरातून जळक्या तेलाचा वास आला, तशी लीना धावली. नर्मदा हलली नाही.

“पुढे करू?” विश्वासने खालच्या आवाजात विचारलं. ताई म्हणणं त्याला आताही जमलं नाही.

“थांब,” ती म्हणाली.