अंबाजीरावांच्या घरची नऊ मतं

मतदानाच्या खोलीतला पुठ्ठ्याचा आडोसा बोलतोय मी. हो, तोच, ज्याच्याआड उभं राहून तुम्ही बटण दाबता! तीन बाजूंना मी नि चौथ्या बाजूला तुमची पाठ, एवढंच माझं घर.

माझा जन्म म्हैसूरच्या देवराज मोहल्ल्यातला. तिथं शामसुंदर रंगारींच्या कारखान्यात मिठाईचे खोके होतात. त्यांचे आजे-पणजे कापड रंगवायचे, हे पुठ्ठा कापतात. माझी सगळी भावंडं पोटात म्हैसूरपाक घेऊन लग्नकार्यांना गेली. मला मात्र घड्या पाडून, शिक्का मारून कृष्णराजनगरला धाडलं. फार खट्टू झालो होतो मी तेव्हा.

तिथं शाळेच्या एका वर्गात मला टेबलावर उभं केलं नि मतदानाचं यंत्र माझ्या आत ठेवलं. नगरसभेची निवडणूक होती. समोरच्या बाकावर गंगाधरराव मतदारयादी घेऊन बसले होते. भातगिरणीवाल्या उमेदवाराचे ते प्रतिनिधी. तीस वर्षं हेच करत आलेले, त्यामुळं कुठलं घर कुणाचं हे त्यांना तोंडपाठ.

"बाजारगल्ली त्यांची, कालव्याकडची घरं अर्धी-अर्धी, आणि आमची मराठ्यांची गल्ली सगळी गिरणीवाल्यांची," ते यादीत खुणा करत शेजारच्याला सांगत होते. "अंबाजीरावांच्या घरची नऊ मतं तर आत्ताच लिहून घे की रे! काल त्यांनी देवघरातली तलवार काढून एकेकाला हात ठेवायला लावलाय."

ती तलवार म्हणे राजाच्या फौजेत लढलेल्या पूर्वजाची. तिच्यावरची शपथ मोडली तर घरावर संकट येतं, असं ते मानतात. मी पुठ्ठा असून माझ्या अंगावर काटा आला.

दहाच्या सुमारास ती नऊ माणसं आलीच. अंबाजीराव मुद्दाम सगळ्यांच्या शेवटी उभे राहिले, कुणी निसटू नये म्हणून. एकेक जण आत येऊन बटण दाबून गेला. आठवी होती त्यांची सून, रजनी.

ती यंत्रासमोर आली नि तिची नजर गिरणीवाल्याच्या चिन्हावरून खाली सरकली. तिथं पवित्राचं नाव होतं. गल्लीतल्या बायकांना घेऊन जिनं नगरसभेच्या दारात रिकाम्या घागरी मांडल्या नि नळ आणला, ती पवित्रा. "अक्का नसत्या तर अजून घागरीच वाहत असते मी," रजनी पुटपुटली. मग डोळे गच्च मिटून तिनं पवित्रासमोरचं बटण दाबलं.

आवाज नाही. दिवा नाही. यंत्र अगदी मुकं!

"अय्यो देवरे!" ती पांढरीफटक पडली. तिला वाटलं, तलवारीला कळलं. खरं तर टेबलापाशी बसलेल्या मतदान अधिकारी साहेबांनी यंत्र चालू करणारं त्यांच्या बाजूचं बटण दाबलंच नव्हतं, ते सहीचा कागद शोधत होते. "अम्मा, स्वल्प तडी," ते म्हणाले, म्हणजे जरा थांबा. मग त्यांनी बटण दाबलं. "हं, आता पुन्हा दाबा."

बिचारीला सगळा निर्णय पहिल्यापासून घ्यावा लागला. पहिल्यांदा तिनं डोळे मिटून दाबलं होतं, आता ते टक्क उघडे होते. किती वेळ गेला देव जाणे. बाहेर रांग कुरकुरू लागली. शेवटी बोट खाली गेलं, दिवा लागला नि लांब आवाज झाला. तिनं कुठलं बटण दाबलं, ते मी सांगणार नाही. मारलंत तरी नाही!

दारात अंबाजीरावांनी तिला अडवलंच. "इतका वेळ? शपथ पाळलीस ना गं?"

"मामंजी," ती म्हणाली, "ते त्या पुठ्ठ्याला विचारा." आवाज बारीक होता, पण मान वर होती.

गिरणीवाल्याच्या घराला तीन पिढ्यांचा शब्द दिलेला तो म्हातारा आत आला नि माझ्यासमोर उभा राहिला. त्याचं बोट पहिल्या चिन्हावर गेलं, मागं आलं, पुन्हा गेलं. रजनीपेक्षाही जास्त वेळ घेतला त्यानं! बाहेर येऊन तो सुनेला एवढंच म्हणाला, "तलवार आता दसऱ्यालाच काढायची. चल, ऊन झालंय."

गंगाधररावांनी यादीतल्या त्या नऊ नावांकडं पाहिलं. टोपणानं डोकं खाजवलं. मग आधी केलेल्या खुणा खोडून त्या नावांपुढं नऊ प्रश्नचिन्हं काढली. तीस वर्षांत पहिल्यांदाच, असं ते स्वतःच म्हणाले. मी थक्क होऊन बघत राहिलो. माझ्या पुठ्ठ्याची जाडी ती किती, बोटाच्या पेरापेक्षाही कमी! तेवढ्याआड केवढं काय राहू शकतं, बाई गं!

आता शाळेच्या अडगळीत घडी होऊन पडलोय. एक कोपरा वाळवीनं खाल्लाय. पुढच्या निवडणुकीला मी असेन की नाही कोण जाणे. माझ्या जागी जो कुणी उभा असेल, त्याच्यासमोर या. मागची रांग कुरकुरली तर कुरकुरू द्या. हवा तेवढा वेळ घ्या.