उताणा मासा

"डॉक्टर, आधी सांगा, टाकीत राहतंय कोण कोण?" शोभेच्या माशांच्या दुकानदाराने विचारलं.

दातांच्या डॉक्टरांनी सगळी मंडळी सांगितली. गप्पी, निऑन आणि एक लाल मासा, जो बाकीच्यांकडून भाडं घेत असल्यासारखा फिरायचा. अशा मिश्र वस्तीत कुणाशी न भांडता तळाचं उष्टंखरकटं खाईल असा एखादा छोटासा कॅटफिश त्यांना हवा होता.

टाकी दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत होती, आणि खरं सांगायचं तर ती आणली होती एका पेशंटसाठी. मुख्याध्यापिकाबाई शाळेत शिरल्या की अख्खा व्हरांडा चिडीचूप व्हायचा. पण दातांच्या खुर्चीत बसल्या की त्यांचं पाणी पाणी व्हायचं. रूट कॅनॉल अर्धवट टाकून त्या दोनदा पळाल्या होत्या, दुसऱ्यांदा तर गळ्यातल्या फडक्यासकट. बाई जातील तिथे शाळेतले सगळे शिक्षक जायचे, आणि समोर नवा दवाखाना उघडला होता, भिंतभर टीव्हीसकट. बाई तिसऱ्यांदा पळाल्या तर पळून कुठे पोचतील, ते डॉक्टरांना खिडकीतून रोज दिसायचं.

मासे बघून माणूस शांत होतो, असं त्यांनी कुठेसं ऐकलं होतं.

"गढूळ टाकी बघून कोण शांत होतंय?" दवाखान्याचं सगळं बघणारी त्यांची थोरली बहीण म्हणाली होती. ताई पेशंटसमोर भावाला 'डॉक्टर' म्हणायची आणि आतल्या खोलीत 'गधड्या'. "आधी घाण खाणारं काहीतरी आण, गधड्या."

दुकानदाराने अंगठ्याएवढा एक मासा दाखवला.

"मोठा होतो का?"

"होतो की. हातभर. मग बाकीचे मासे सांभाळायची कटकटच राहत नाही."

"हे दुसरे?"

"एकदम गोड स्वभाव. पण एकटा नेलात तर झुरतो. निदान सहा तरी न्या."

डॉक्टरांना एक मासा हवा होता, वऱ्हाड नको होतं. तेवढ्यात त्यांना लाकडाच्या तुकड्याखाली एक ठिपकेदार मासा दिसला. पोट वर, पाठ खाली.

"हा गेला वाटतं."

"छे! तो उताणाच पोहतो, डॉक्टर. जन्मभर. बोटभर जीव, कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही."

डॉक्टर बघतच राहिले. उताणा पडलेला, तोंड उघडं, डोक्यावर दिवा आणि तक्रार शून्य. दवाखाना काढल्यापासून ते असाच पेशंट शोधत होते.

"हाच द्या."

"फक्त घरच्यांना आधी सांगून ठेवा हं."

"सांगतो ना."

नाही सांगितलं. मासा टाकीत सोडल्यासोडल्या लाकडाखाली गडप झाला आणि डॉक्टरांच्या डोक्यातूनही गेला.

दुसऱ्या दिवशी बाई आल्या. समोरचा टीव्ही त्यांच्या नजरेला पडू नये म्हणून ताईने पडदे ओढले. खोलीत अंधार झाला आणि अंधार आवडणारा मासा बाहेर आला. ताईला तो दिसला तेव्हा बाई नुकत्याच आत खुर्चीत बसल्या होत्या. जाताना यांच्या नजरेला मेलेला मासा पडला तर संपलंच सगळं! जाळी सापडेना. मग ताईने चूळ भरायचा ग्लास टाकीत बुडवून मासा पाण्यासकट उचलला. मेला तरी पाण्यातला जीव, कोरडा कशाला ठेवायचा?

तेवढ्यात फोन वाजला आणि आतून डॉक्टर ओरडले, "ताई, ग्लास!"

वर्षानुवर्षांची सवय. फोन खांद्याशी दाबून ताई आत गेली, हातातला ग्लास खुर्चीशेजारी ठेवला आणि बोलत बोलत बाहेर आली.

डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, थोडं कोरलं आणि म्हणाले, "चूळ भरा."

बाईंनी ग्लास ओठांपर्यंत नेला. तिथेच थांबल्या.

"डॉक्टर, यात मासा आहे."

यावर काय बोलायचं हे डॉक्टरांना कॉलेजात शिकवलं नव्हतं.

"मेलेला," बाई म्हणाल्या. त्यांचा एक पाय खाली उतरून चप्पल शोधू लागला होता.

"हो ना बाई, आत्ताच गेला बिचारा," ताई दारातून म्हणाली. "टाकायलाच निघाले होते."

"ताई, जिवंत आहे तो!"

"अरे, उताणा पडलाय, तोंड उघडं आहे!"

"बाईसुद्धा आत्ता तशाच पडल्या होत्या. त्या गेल्यात का?"

ग्लासातल्या माशाने मिश्या हलवल्या.

"हा असाच राहतो?" बाईंनी विचारलं.

"असाच," डॉक्टर म्हणाले.

"किती वेळ?"

"मरेपर्यंत."

"आणि पळत नाही?"

"त्याला चपला नाहीत, बाई."

बाईंनी आजवर शेकडो पोरांना 'त्याच्याकडे बघ, जरा शीक' म्हणून झापलं होतं. आज ते त्यांच्यावरच उलटलं होतं, आणि तेही बोटभर माशाच्या निमित्ताने. चप्पल शोधणारा पाय हळूहळू वर आला.

"ग्लास मला दिसेल असा ठेवा."

"बाई, त्याला आधी टाकीत सोडू..."

"माझं होईपर्यंत कुणी जागचं हलणार नाही."

हा शाळेतला आवाज होता. डॉक्टर हलले नाहीत, ताई हलली नाही. मासा तर हलणाऱ्यातला नव्हताच. नंतर मात्र ताई हळूच जाऊन टाकीतलं पाणी आणून चमच्याचमच्याने ग्लासात घालत राहिली. डॉक्टरांनी जन्मात केलं नव्हतं इतक्या झपाट्याने काम उरकलं, कारण एकाच वेळी दोन जीव ताटकळत होते. दाताचं काम पुरं झालं. बाईंनी चूळ भरली. अर्थात दुसऱ्या ग्लासाने, आणि तोही आधी उजेडाकडे धरून तपासून.

पुढच्या आठवड्यापासून शिक्षक यायला लागले. ताईने टाकीवर पाटी चिकटवली: 'उताणा मासा जिवंत आहे. काढू नये.'

एका नव्या पेशंटने ती वाचली. मग आतल्या खोलीच्या बंद दाराकडे बघितलं.

"आणि आत गेलेत ते?"

"तेही," ताई मान वर न करता म्हणाली. "बसा."